झोन्ड ड्राइव्हच्या कमांड छापताना एककही छापावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या संगणकविषयक पानावर झोन्ड हार्ड ड्राइव्हसंबंधी आलेले टिपण वाचले. एरवी फक्त मोठ्या साठवण केंद्रांत चर्चिल्या जाणाऱ्या या विषयाला मराठी वृत्तपत्रात जागा मिळाली, याचा आनंद आहे. मात्र वापरलेली ड्राइव्ह पुन्हा नव्याने वापरण्यासाठी म्हणून टिपणाच्या अखेरीस जी एका ओळीची कमांड दिली आहे, ती पाहून काळजी वाटली. ‘ब्लकझोन रीसेट’ आणि पुढे ड्राइव्हचे नाव, एवढीच ती ओळ आहे. (ब्लकझोन म्हणजे ड्राइव्हवरील झोन, अर्थात विभाग, हाताळणारी लिनक्सची कमांड.) ओळ चुकीची नाही; परंतु कोठून सुरुवात करायची आणि किती झोनांवर काम करायचे हे न सांगता ती दिली, तर ब्लकझोन आरंभापासून अखेरपर्यंतचा सगळा विस्तार गृहीत धरतो आणि ‘खात्री आहे का?’ असे एकदाही न विचारता ड्राइव्हवरील झाडून सारे क्रमिक, म्हणजे क्रमानेच लिहावे लागणारे, झोन रिकामे करतो. एकच झोन मोकळा करू पाहणाऱ्या वाचकाला हे टिपणातून कळण्याचा मार्ग नाही.

मुळात झोन रीसेट करावाच का लागतो, याचे कारण ड्राइव्हच्या रचनेत आहे. या ड्राइव्हमध्ये चकतीवरील ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच चकतीवर अधिक माहिती मावते, पण मधलाच एखादा ट्रॅक पुन्हा लिहायला गेले तर शेजारच्या ट्रॅकवरील माहिती बिघडते. म्हणून ट्रॅकांचे गट करून झोन पाडले जातात, साधारणपणे प्रत्येकी २५६ मेबीबाइटचे (एक मेबीबाइट म्हणजे १०,४८,५७६ बाइट). १४ टेराबाइटच्या एका ड्राइव्हवर असे सुमारे ५२ हजार झोन होतात. प्रत्येक क्रमिक झोनला एक राइट पॉइंटर असतो आणि पुढचे लेखन त्या पॉइंटरच्या जागीच करावे लागते. अन्यत्र लिहू पाहिल्यास ड्राइव्ह चूक दाखवून नकार देते. झोनमधील जुन्या मजकुराच्या जागी नवा लिहायचा असेल तर पॉइंटर झोनच्या आरंभी परत आणावा लागतो, आणि यालाच रीसेट म्हणतात. पॉइंटर मागे गेला की त्या झोनमधील सगळा मजकूर वाचण्यापलीकडे जातो. ही कृती मागे घेता येत नाही. बहुतेक ड्राइव्हवर काही थोडे झोन पारंपरिक, म्हणजे कोठेही लिहिता येण्याजोगे ठेवलेले असतात. त्यांना पॉइंटर नसतो आणि रीसेटही लागू होत नाही.

आपली ड्राइव्ह नेमक्या कोणत्या जातीची आहे, हे आधी पाहावे लागते. ज्या ड्राइव्ह झोनांचा सगळा व्यवहार आतल्या आत सांभाळतात त्या बाहेरून साध्या ड्राइव्हसारख्याच दिसतात आणि ब्लकझोनचा त्यांच्यावर काही उपयोग होत नाही. (अशा ड्राइव्ह तसे न सांगता बाजारात आणल्या गेल्याचे २०२० साली उघड झाले, तेव्हा रेड संच, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून केलेली साठवण, उभारणाऱ्यांनी केलेला आरडाओरडा रास्तच होता.) झोनांचे व्यवस्थापन यजमान संगणकावर सोपवणारी जात मात्र लिनक्सला ४.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, थेट हाताळता येते. ड्राइव्हची यादी देणाऱ्या ‘एलएसब्लक’ या कमांडला ‘झेड’ हा पर्याय दिला की प्रत्येक ड्राइव्हसमोर तिची जात छापून येते. दोन्हींच्या मधली एक जात होती, जिच्यावर क्रमाने लिहिणे सक्तीचे नसून केवळ इष्ट असे. तिचा वेगळा विचार कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ६.८ या आवृत्तीपासून सोडून दिला आहे.

एवढे झाल्यावर पहिली कमांड रीसेटची नव्हे, ‘ब्लकझोन रिपोर्ट’ची असायला हवी. ती काहीही बदलत नाही. प्रत्येक झोनची एक ओळ ती छापते: झोनचा आरंभ, लांबी, आरंभापासून पॉइंटर किती पुढे गेला आहे, आणि झोनची अवस्था. ‘ईएम’ म्हणजे रिकामा, ‘एफयू’ म्हणजे भरलेला, ‘सीएल’ म्हणजे काही लिहून बंद केलेला. ‘एनडब्ल्यू’ म्हणजे ज्याला पॉइंटरच नाही असा पारंपरिक झोन. हजारो ओळींचा हा अहवाल पाहून नवशिका बिचकतो, आणि मला वाटते म्हणूनच बहुतेक लेखक तो वगळून सरळ रीसेटकडे वळतात. प्रत्यक्षात ‘ओ’ या पर्यायाने आरंभ आणि ‘सी’ने झोनांची संख्या दिली की हव्या त्या दोनचार ओळीच समोर येतात. हेच दोन पर्याय रीसेटलाही लागतात. म्हणजे रिपोर्ट पाहताना जे आकडे बरोबर ठरले, तेच पुढच्या कमांडमध्ये फक्त एक शब्द बदलून वापरता येतात, आणि नव्याने आकडे टाइप करताना होणाऱ्या चुकीला जागाच राहत नाही.

आता मुख्य मुद्दा, जो टिपणात पूर्णपणे सुटला आहे: हे आकडे कोणत्या एककात द्यायचे? ब्लकझोन आरंभ मोजतो तो ५१२ बाइटच्या सेक्टरांत, मग ड्राइव्हचा स्वतःचा ब्लॉक ४०९६ बाइटचा का असेना. २५६ मेबीबाइटचा झोन त्याच्या हिशेबाने ५,२४,२८८ सेक्टरांचा भरतो. रीसेटचेच काम करणारी ‘एसजी-रीसेट-डब्ल्यूपी’ ही दुसरी कमांड झोनचा आरंभ ड्राइव्हच्या स्वतःच्या ब्लॉकांत मागते. ४०९६ बाइटचा ब्लॉक असलेल्या ड्राइव्हवर तिच्या हिशेबाने झोन ६५,५३६ ब्लॉकांचा होतो. दोन्हींत आठ पटींचे अंतर आहे. समजा, शून्यापासून मोजून ८,००० क्रमांकाचा झोन रीसेट करायचा आहे. ब्लकझोनला त्यासाठी ४,१९,४३,०४,००० हा आरंभ द्यावा लागेल, तर एसजीच्या कमांडला ५२,४२,८८,०००. कोणी हा दुसरा आकडा कोठून तरी उचलून ब्लकझोनला दिला, तर तो १,००० क्रमांकाच्या झोनचा बिनचूक आरंभ ठरतो आणि तो झोन मुकाट्याने रिकामा होतो. झोनचा क्रमांक आठने भागला जात नसेल तर दिलेला आरंभ झोनच्या सीमेवर बसत नाही आणि कमांड नकार देते. आठांपैकी सात वेळा असे बचावल्यामुळे आपली पद्धत बरोबर आहे, असा समज होणेही अशक्य नाही. भरीस भर म्हणून ब्लकझोनचा अहवाल षोडशमान पद्धतीने, म्हणजे ० ते ९ हे अंक व ए ते एफ ही अक्षरे वापरून, ‘शून्य-एक्स’ या उपसर्गासह आकडे छापतो. आकडा उतरवून घेताना तो उपसर्ग गळला आणि उरलेल्या भागात एकही अक्षर नसेल, तर कमांड तो आकडा षोडशमान म्हणून वाचत नाही.

माउंट केलेल्या, म्हणजे वापरासाठी यंत्रणेला जोडलेल्या, ड्राइव्हवर असे काही होणार नाही, हा दिलासा अर्धाच खरा आहे. ड्राइव्ह वापरात असल्यास ब्लकझोन रीसेट नाकारतो, हे ठीक. पण ‘एफ’ हा सक्तीचा पर्याय दिला की तो नकार उरत नाही, आणि अडलेला माणूस नेमका तोच पर्याय शोधत असतो. शिवाय जी ड्राइव्ह त्या क्षणी माउंट नाही, पण जिच्यावर महत्त्वाचा मजकूर आहे, तिला हे संरक्षण मिळतच नाही. त्यात लिनक्सने ड्राइव्हना दिलेली ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. ‘बाय-आयडी’ या डिरेक्टरीतील अनुक्रमांकयुक्त लांबलचक नाव टाइप करणे कंटाळवाणे असते हे मान्य, तरी रीसेटसाठी तेच वापरावे असे माझे ठाम मत आहे.

टिपणातील आणखी एका वाक्यावर आक्षेप नोंदवायला हवा. रीसेट केल्याने ड्राइव्ह ‘पुसली जाते’ आणि मग ती निर्धास्तपणे दुसऱ्याला देता येते, असे त्यात सुचवले आहे. रीसेट पॉइंटर हलवतो. चकतीवरचा जुना मजकूर त्याच क्षणी नष्ट होतो असे नाही. नेहमीच्या वाचनातून तो परत मिळत नाही, हे वापरणाऱ्याच्या दृष्टीने जितके वाईट, तितकेच गोपनीयतेच्या दृष्टीने अपुरे आहे. ड्राइव्ह हातावेगळी करायची असेल तर तिने पुरवलेली सॅनिटाइझची, म्हणजे मजकूर कायमचा नष्ट करण्याची, सोय वापरावी किंवा मजकूर मुळातच कूटबद्ध करून ठेवावा.

हे सगळे वाचून कमांड लाइनपासून दूरच राहिलेले बरे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. बहुतेकांना हाताने झोन रीसेट करण्याची वेळ येतच नाही, एफटूएफएस व बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम अनुक्रमे कर्नलच्या ४.१० आणि ५.१२ या आवृत्त्यांपासून झोन स्वतः सांभाळतात, आणि जुनी फाइल सिस्टीमच हवी असेल तर झोन्ड ड्राइव्ह साध्या ड्राइव्हसारखी दाखवणारा डीएम-झोन्ड हा मधला थर आहे. ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी ‘नल-ब्लॉक’ हे कर्नल मॉड्यूल झोनचा पर्याय देऊन सुरू केले की खरी चकती नसलेली एक झोन्ड ड्राइव्ह यंत्रात उभी राहते. तिच्यावर रिपोर्ट, रीसेट आणि पॉइंटर थेट झोनच्या अखेरीस नेणारी ‘फिनिश’ ही कमांड हवी तितकी चालवून पाहावी. फिनिश केलेल्या झोनमधली उरलेली जागा रीसेटपर्यंत वाया जाते, हेही तेथे फुकटात कळते.

तेव्हा आपणास विनंती अशी की, मूळ टिपणाची दुरुस्ती छापावी आणि तीत रीसेटच्या आधी रिपोर्टची ओळ, रीसेटच्या ओळीत आरंभ व झोनांची संख्या, आणि आरंभ ५१२ बाइटच्या सेक्टरांत मोजावा ही सूचना, या तिन्ही गोष्टी असाव्यात. दुरुस्तीसाठी जागा कमी असेल तर ती कमांड मागे घेतल्याची एक ओळ तरी आधी यावी, कारण वाचक असली कात्रणे जपून ठेवतात.

आपला नम्र,
एक नियमित वाचक