भाऊबीजेच्या संध्याकाळी धावून आलेल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय राहवत नाही. शिवाय त्या संध्याकाळी तुम्ही जे समजावलंत ते आमच्यासारख्या लहान टीमना उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या काही अडत दुकानांच्या पट्ट्या आमच्या सॉफ्टवेअरवर निघतात, हे तुमच्या मामांमुळे तुम्हाला माहीत होतं. शेतकरी गुऱ्हाळावरून गुळाचे रवे घेऊन येतो, सौदा होतो आणि वजन, दर, हमाली, तोलाई मांडलेली पट्टी घेऊनच तो घरी जातो. दिवाळीनंतर आवक वाढणार म्हणून आम्ही गुगल कुबरनेटीस इंजिनवरच्या आमच्या क्लस्टरला, म्हणजे आमचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या संगणकांच्या समूहाला, नवा नोड पूल (संगणकांचा, म्हणजे नोडचा, नवा गट) जोडला आणि नवी आवृत्ती चढवायला घेतली. काही पॉड, म्हणजे आमच्या प्रोग्रामच्या चालत्या प्रती, सुरळीत उठले. बाकीच्यांवर ‘इमेजपुलबॅकऑफ’, म्हणजे प्रोग्रामचं तयार पॅकेज (इमेज) ओढता येत नाही, थांबून पुन्हा प्रयत्न चालू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सौदे होते.

मामांनी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही ओवाळणीचं ताट ठेवून भावाच्या गाडीवरून राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आलात. तुमच्या भावाचेही आभार. काम संपेपर्यंत ते खाली थांबून होते.

आल्यावर तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. आमच्या टीममधली सर्वांत नवी मुलगी टाइप करत होती, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलात. आम्ही ॲडमिनचं लॉगिन पुढे केलं तर म्हणालात, ‘‘मला नको. तुमचं तुम्हालाच करता यायला पाहिजे.’’ मग तिला विचारलंत, ‘‘ही इमेज ओढतंय कोण?’’

ती म्हणाली, पॉड. आम्हा सगळ्यांचीही तीच समजूत होती. म्हणूनच पॉडच्या सर्व्हिस अकाउंटला (प्रोग्रामने वापरायच्या खात्याला) वर्कलोड आयडेंटिटीतून, म्हणजे पॉडला स्वतःची ओळख देणाऱ्या सोयीतून, परवानगी देऊनही काही हललं नव्हतं. तुम्ही सांगितलंत, ‘‘अगं, पॉडमधल्या कंटेनरचा जन्मच व्हायचाय अजून. इमेज आणतो नोडवरचा क्यूबलेट, आणि तो नोडच्या ओळखीने जातो.’’ क्यूबलेट म्हणजे प्रत्येक नोडवर पॉड चालवणारा कारभारी प्रोग्राम. त्या एका वाक्याने आमची शोधाची दिशा बदलली.

त्यानंतर तुम्ही तिच्याकडून एकेक गोष्ट बघून घेतलीत. आधी पॉडचा तपशील दाखवणाऱ्या ‘क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड’ या आज्ञेच्या उत्तरात तळाशी असलेले इव्हेंट, म्हणजे घडामोडींच्या नोंदी. तिथे आर्टिफॅक्ट रजिस्ट्रीने, म्हणजे गुगलच्या इमेज साठवायच्या कोठाराने, ‘डाउनलोडआर्टिफॅक्ट्स’ ही परवानगी नाकारल्याचं लिहिलं होतं, आणि त्यापुढे ‘किंवा ते अस्तित्वात नसेल’ अशी जोडही होती. परवानगी नसलेल्याला रिपॉझिटरी (त्या कोठारातला कप्पा) आहे की नाही हेसुद्धा कळू द्यायचं नसतं, त्यामुळे दोन्ही शक्यता तपासायच्या, हे तेव्हा समजलं. म्हणून इमेजचा पत्ता अक्षरन् अक्षर वाचला: मुंबईचा रीजन, प्रोजेक्ट, रिपॉझिटरी, आवृत्तीचा टॅग. सगळं बरोबर होतं.

मग पॉडची यादी नोडच्या नावांसह काढायला लावलीत. अडकलेला प्रत्येक पॉड नव्या पूलमध्ये होता! जुन्या पूलमधला एकही नव्हता. दोन्ही पूलचा तपशील शेजारी शेजारी उघडला तेव्हा उलगडा झाला. नव्या पूलला वेगळं, कमीत कमी अधिकारांचं सर्व्हिस अकाउंट होतं, आणि आमच्या इमेज राहतात दुसऱ्याच प्रोजेक्टमध्ये. तिथे या नव्या अकाउंटची ओळखच नव्हती. पूलचे ॲक्सेस स्कोपही, म्हणजे त्या नोडना गुगलच्या कोणत्या सेवा वापरता येतील याच्या मर्यादाही, तुम्ही पाहून घेतलेत, कारण अकाउंटला भूमिका (परवानग्यांचा संच) दिली तरी स्कोप तोकडा असेल तर दार बंदच राहतं, आणि चालू पूलचा स्कोप बदलत नाही, नवा पूल करावा लागतो. आमचा स्कोप पुरेसा होता.

यापुढचं तुमचं वागणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. सकाळ जवळ येत होती, आणि त्या अकाउंटला सरळ एडिटर, म्हणजे प्रोजेक्टमधलं जवळजवळ सगळं बदलू शकणारं, करून टाकू असं मीच म्हणालो. तुम्ही ठाम नाही म्हणालात. गोदामातली एक खोली उघडायला कुणी अख्ख्या यार्डाच्या किल्ल्या देत नाही, हे तुमचे शब्द. फक्त त्या एका रिपॉझिटरीवर, फक्त ‘आर्टिफॅक्ट रजिस्ट्री रीडर’ ही भूमिका, एवढंच तिने तुमच्यासमोर दिलं. अकाउंटची जेसन की (किल्लीची फाइल) काढून इमेजपुलसीक्रेट, म्हणजे इमेज ओढण्यासाठी क्लस्टरमध्ये ठेवायचं गुपित, करायचा पर्यायही तुम्ही बाजूला ठेवलात. ते सीक्रेट एकाच नेमस्पेसपुरतं (क्लस्टरच्या एका विभागापुरतं) चालतं, प्रत्येक ठिकाणी पुन्हा ठेवावं लागतं, आणि आतली की दीर्घकाळ जिवंत राहते, कुणाच्या हाती लागली तर अवघड. बाहेरच्या खासगी रजिस्ट्रीसाठी तो मार्ग वापरतात, हेही सांगितलंत. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) ईसीआर या रजिस्ट्रीचं टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना, बारा तासांत संपतं, म्हणून ते सीक्रेटमध्ये ठेवलं तर आज चालणारं उद्या बंद पडतं, हे तुमच्याकडूनच कळलं.

परवानगी देऊनही लगेच काही झालं नाही तेव्हा आमचे चेहरे पडले. तुम्ही शांत होतात. आयएएमचा, म्हणजे परवानग्यांच्या व्यवस्थेतला, बदल पोचायला काही मिनिटं लागतात, आणि क्यूबलेटही प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा वेळ वाढवत पाच मिनिटांपर्यंत नेतो. थोडं थांबून अडकलेला एक पॉड डिलीट करायला लावलात. त्याच्या जागी आलेला पॉड ‘रनिंग’ झाला, मग बाकीचे.

सकाळी पट्ट्या वेळेवर निघाल्या. पन्हाळ्याकडून आलेले एक काका आपली पट्टी वाचत दुकानाबाहेर उभे होते. त्यांना ताई कोण हे ठाऊक नाही, पण त्या पट्टीत तुमचाही वाटा होता.

ती मुलगी आता आमच्याकडे नवा पूल जोडण्याआधी त्याचं अकाउंट आणि रिपॉझिटरीवरचा हक्क तपासते. परवा एका ग्राहकाचा मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडवरचा क्लस्टर तिच्याकडे आला. तिने पहिल्यांदा क्यूबलेटची आयडेंटिटी शोधली आणि तिला ‘एसीआरपुल’, म्हणजे तिथल्या रजिस्ट्रीतून इमेज ओढायची भूमिका, आहे का ते पाहिलं. मला विचारलंही नाही.

पैशांचा विषय तुम्ही काढू दिला नाहीत, म्हणून पुन्हा काढत नाही. मामांच्या दुकानात तुमच्या नावाने सेंद्रिय गुळाचे दोन रवे ठेवले आहेत. पुण्याला परतताना न्यायचे राहिले, संक्रांतीला याल तेव्हा न्या. आणि येण्याआधी एक फोन करा. ईकेएसवर (ॲमेझॉनच्या कुबरनेटीस सेवेवर) नोडच्या रोलला काय द्यायचं यावर तिने एक टिपण लिहिलंय, ते तुम्हाला दाखवायचंय.

आपला कृतज्ञ,
राजारामपुरी, कोल्हापूर