भूदासांची मुक्ती आणि ४९ वर्षांचे हप्ते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

झारकालीन रशियावरील जो लेख आपल्या रविवार पुरवणीत आला, तो मी आस्थेने वाचला. दरबार, उमराव आणि राजघराणे यांविषयीची त्यातील माहिती चांगली आहे. मात्र 'झार दुसऱ्या अलेक्झांडरने १८६१ साली भूदासांना मुक्त केले आणि त्यांना जमिनी दिल्या' हे त्यातले वाक्य माझ्या मनात सलत राहिले. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवताना हेच वाक्य मीही अनेक वर्षे फळ्यावर लिहीत होतो आणि मुलेही ते पाठ करीत होती. निवृत्तीनंतर या विषयाचे सवडीने वाचन केले, तेव्हा 'दिल्या' हा शब्द मोठा अन्याय करणारा आहे हे ध्यानात आले. म्हणून हे पत्र.

भूदासत्व म्हणजे काय, हे आधी नीट सांगायला हवे. १६४९ च्या कायदेसंहितेने पळून गेलेल्या शेतकऱ्याला परत आणण्यावरची कालमर्यादाच काढून टाकली आणि तो, त्याची मुले, नातवंडे कायमची जमीनमालकाशी बांधली गेली. पहिल्या पीटरने माणशी कर बसवला आणि सैन्यासाठी गावोगावहून सक्तीची भरती सुरू केली. भरती झालेला तरुण जन्मभरासाठी जाई. ही मुदत २५ वर्षांवर आली ती १७९३ मध्ये. उमरावांवरही तेव्हा राज्यसेवेचे बंधन होते, पण १७६२ मध्ये त्यांना त्यातून मोकळे करण्यात आले. ज्या सेवेच्या मोबदल्यात त्यांना भूदास राबवता येत, ती सेवा सुटली आणि भूदास मात्र तसेच राहिले. इतकेच नव्हे, तर १७६७ मध्ये महाराणी कॅथरिनने भूदासांना मालकाविरुद्ध तक्रार अर्ज करण्याचीही बंदी केली. सहा वर्षांनी पुगाचोव या कोसॅक बंडखोराचे बंड पेटले, तेव्हा व्होल्गाकाठचे हजारो शेतकरी त्याला का मिळाले, हे यावरून समजते.

क्रिमियाच्या युद्धातील पराभवानंतर, १८५६ मध्ये, अलेक्झांडरने मॉस्कोच्या उमरावांना बजावले की भूदासत्व खालून आपोआप मोडण्याची वाट पाहण्यापेक्षा ते वरून मोडलेले बरे. तोवर खुद्द उमरावही कर्जात बुडालेले होते आणि खासगी भूदासांपैकी सुमारे दोन-तृतीयांश सरकारी पतसंस्थांकडे गहाण पडले होते. अखेर १९ फेब्रुवारी १८६१ रोजी जाहीरनाम्यावर सही झाली. (ही जुन्या रशियन पंचांगाची तारीख आहे. आपल्या पंचांगाप्रमाणे तो ३ मार्च होता, हेही लेखात सांगायला हवे होते.) सुमारे सव्वादोन कोटी खासगी भूदासांना या फर्मानाने व्यक्ती म्हणून मुक्त केले. लग्न करणे, मालमत्ता बाळगणे, दावा लावणे हे हक्क त्यांना मिळाले, आणि ही गोष्ट मुळीच लहान नव्हती. पण जमीन त्यांना विकत घ्यावी लागली.

ती विक्री कशी झाली, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. जमिनीची किंमत बाजारभावाने ठरली नाही. भूदास मालकाला दरवर्षी जो रोख खंड देत असे, तो खंड सहा टक्के व्याजाने मिळवून देईल एवढे भांडवल, हीच जमिनीची किंमत मानली गेली. म्हणजे वर्षाला नऊ रुबल खंड असेल, तर किंमत दीडशे रुबल. उत्तरेकडील रेताड प्रांतांत हा खंड शेतीतून निघतच नसे. शेतकरी हिवाळ्यात शहरात मजुरी करून, गाड्या हाकून किंवा सुतारकाम करून तो भरत असे. त्यामुळे तिथे जमिनीच्या नावाखाली त्याच्या दोन हातांचीच किंमत लावली गेली. कायद्यात म्हटले होते की व्यक्तीच्या मुक्तीसाठी मोबदला नाही, आणि हिशेबात तो मोबदला बरोबर बसवलेला होता. दक्षिणेच्या काळ्या मातीच्या प्रांतांत उलट घडले. तिथे जमीनच मोलाची होती, म्हणून ठरलेल्या मर्यादेहून अधिक असलेला तुकडा कापून घेण्याची मुभा मालकांना मिळाली. अनेकदा कुरणे, पाणवठ्याची वाट आणि झाडी नेमकी या कापलेल्या तुकड्यांत गेली, आणि गुरे चारण्यासाठी शेतकऱ्याला पुन्हा त्याच मालकाच्या शेतावर राबावे लागले.

शेतकऱ्याच्या नावे ठरलेल्या जमिनीच्या पूर्ण वाट्यासाठी किमतीचे ८० टक्के सरकारने मालकाला रोख्यांच्या रूपाने चुकते केले, आणि तेही त्याचे जुने कर्ज वळते करून घेऊन. शेतकऱ्याने ती रक्कम सरकारला वर्षाला सहा टक्क्यांनी ४९ वर्षे फेडायची होती. शंभर रुबलांमागे २९४ रुबल, हा हिशेब कोणीही करून पाहावा. मालकाच्या घरात राबणाऱ्या नोकर भूदासांना तर जमीन मिळालीच नाही.

खेड्यातील माणसाला हे सारे कळणे अवघड होते. कझान प्रांतातील बेझ्दना गावच्या अंतोन पेत्रोव या शेतकऱ्याने त्या कायद्याचा अर्थ 'संपूर्ण स्वातंत्र्य' असा लावला, आणि ते ऐकायला आसपासच्या गावांतून हजारो लोक जमले. एप्रिल १८६१ मध्ये त्या निःशस्त्र जमावावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, त्यात पन्नासहून अधिक माणसे मेली, आणि पेत्रोवला पुढे मृत्युदंड झाला. मुक्तीच्या जाहीरनाम्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. मुक्तीचा इतिहास सांगताना या गावाचे नाव घ्यावेच, असे मला वाटते.

हप्ते वसूल करायला झारचे सरकार खेड्यात होते कुठे? एवढ्या अफाट मुलखाच्या मानाने त्याचे अधिकारी फार थोडे होते. म्हणून वसुलीची जबाबदारी 'मीर' या गावकीवर टाकली गेली. जमीन बहुतेक ठिकाणी गावकीच्या नावे असे, ठरावीक काळाने ती घरांमध्ये पुन्हा वाटली जाई, आणि एकाने हप्ता थकवला तर बाकीच्यांनी तो भरायचा. दख्खनच्या रयतवारीत सरकारचे देणे ज्याच्या त्याच्या नावावर असे, त्यामुळे आपल्या वाचकाला ही सामूहिक हमी चटकन उमगत नाही. या हमीमुळे कष्टाळू शेजाऱ्याला गाव सोडू देणे गावालाच परवडत नसे, आणि बाहेर कामाला जाण्यासाठी लागणारा परवाना गावाकडूनच घ्यावा लागे. कायद्याने मुक्त झालेला माणूस गावकीच्या वहीला बांधला गेला, तो असा. १८८९ पासून त्याच्या डोक्यावर 'भूप्रमुख' नावाचा, स्थानिक उमरावांतूनच नेमलेला अधिकारीही बसला, आणि त्याला गावसभेचे ठराव रोखण्याचा व शेतकऱ्याला खटल्याविना दंड किंवा काही दिवसांची कोठडी देण्याचा अधिकार होता.

१८६४ ची ज्यूरीची न्यायालये आणि झेम्स्त्वो या निवडून आलेल्या स्थानिक मंडळांच्या शाळा-दवाखान्यांचे श्रेय लेखकाने दिले आहे, ते योग्यच आहे. परंतु त्याच राजवटीत शेतकऱ्यांचे किरकोळ तंटे वेगळ्या न्यायालयात चालत, आणि तिथे फटक्यांची शिक्षा देता येई. ती १९०४ मध्ये, युवराजाच्या जन्माच्या आनंदात, बंद झाली. सामूहिक हमी बहुतेक प्रांतांत त्याआधी वर्षभर गेली होती. हप्ते मात्र १९०५ च्या उठावापर्यंत टिकले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील फर्मानाने ते १९०६ साठी निम्मे झाले आणि १ जानेवारी १९०७ पासून रद्द झाले. १८६१ साली जन्मलेले मूल तेव्हा ४५ वर्षांचे झाले होते, आणि आयुष्यभर त्याच्या घराने हे देणे वाहिले होते.

लेखमालेच्या पुढील भागात ही दुरुस्ती छापावी, आणि एक भाग केवळ गावकीच्या कारभारावर द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा