घरातले दोष जाहिरातीतच लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दलालाशिवाय घर ऑनलाइन विकावे का, यावर आपल्याकडे आलेली वाचकांची पत्रे वाचली. बहुतेकांचा भर कमिशन वाचण्यावर आहे. वडिलांचे घर मी नुकतेच स्वतः जाहिरात देऊन विकले. मला त्याहून महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की घरातले दोष मालकाने जाहिरातीतच लिहावेत.

आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीला न्हाणीघराच्या बाजूने ओल येत होती. ‘रंग मारून घ्या, विचारले तरच सांगा,’ असा सल्ला एका माहितगाराने दिला. मला तो पटला नाही. मी ओल आलेल्या भिंतीचा फोटो दिवाणखान्याच्या फोटोशेजारी लावला आणि खाली दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज लिहिला. खोल्यांची मापेही आतून, भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरून घेतलेली दिली. खोली ऐसपैस भासवणारे फोटो मुद्दाम टाळले, कारण प्रत्यक्ष पाहायला आलेला माणूस दारातच हिरमुसतो. फोन कमी आले असतील, पण आले ते सगळे वाचून, विचार करून आलेले. घासाघीस झाली ती दुरुस्तीच्या रकमेवर. बाकी घराबद्दल कुणी शंका काढली नाही.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल लिहिले होते, की विकणाऱ्याला ठाऊक असलेले दोष घेणाऱ्याला कळायला मार्ग नसला, तर तो चांगल्या गाडीलाही पुरता भाव देत नाही. घर तर आयुष्याची पुंजी घालून घेतात. तिथे हा संशय किती पटींनी वाढत असेल!

दलालांबद्दल माझ्या मनात अढी नाही. पण किंमत थोडी वाढली, तर त्या वाढीतला अगदी लहान वाटा त्यांना मिळतो, म्हणून आणखी थांबण्यात त्यांना फारसा रस नसतो. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांचा शिकागो परिसरातील घरविक्रीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दलालांची स्वतःची घरे तशाच इतर घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला गेली आणि सरासरी साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहिली, असे त्यात दिसले. दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतल्याच मॅडिसन शहरातल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मालकांनी संकेतस्थळावरून स्वतः विकलेल्या घरांना किंमत दलालांमार्फत विकलेल्या घरांइतकीच मिळाली, पण वेळ जास्त लागला. ज्यांना पैशांची निकड आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेपणा म्हणजे सगळे उघड्यावर मांडणे नव्हे. मालकीची कागदपत्रे आणि सहीचा नमुना जाहिरातीत टाकू नका. ती आपल्या वकिलासमोर, खरेदीदाराची ओळख पटल्यावरच दाखवा. घर न पाहता ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवल्याचे सांगून ‘वरचे पैसे परत करा’ म्हणणारा भामटाच समजा. वाचलेल्या कमिशनातला काही भाग वकिलावर खर्च करावा, तिथे हात आखडू नये.

संपादक महोदय, आपल्या छोट्या जाहिरातींमध्ये घराचे क्षेत्रफळ, मजला, किंमत असे तपशील असतात. त्यांच्याबरोबर ‘माहीत असलेले दोष’ असाही एक रकाना ठेवावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका