सिग्नलवर थरथरणारी गाडी

नागपूर, 9 जून

प्रिय सुधीर,

परवा फोनवर तू म्हणालास की सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते आणि गॅरेजवाला पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर बदला म्हणतो. घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. इंजेक्टरचे पैसे अजून देऊ नकोस. मी याच फेऱ्यात दोन महिने काढले.

माझी गाडी तुला माहीत आहे, 2014 ची, पेट्रोलची. वर्धा रोडला 60 च्या स्पीडने लोण्यासारखी पळायची. व्हरायटी चौकात लाल दिवा लागला की स्टिअरिंग हातात थडथडायचं आणि आरपीएमचा काटा 550 ते 900 मध्ये खालीवर करायचा. आई मागे बसली होती. म्हणाली, "एवढ्या उन्हात ही काहून कुडकुडून राहिली रे?"

घराजवळच्या गॅरेजात आधी प्लग बदलले, मग एक कॉइल, मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ केली. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं. 7,400 रुपये गेले. पैशांपेक्षा जास्त राग याचा आला की एकानेही इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं शांतपणे ऐकलं नाही. मोजायचं सोडून सरळ बदलायला घेतलं.

शेवटी शाळेतल्या एका मित्राने जरीपटक्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी आधी मलाच विचारलं, "थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? एसी लावल्यावर वाढते का? रेस दिली की थांबते का?" रेस दिली की थांबते म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. मग बॉनेट उघडून इंजेक्टरचं एकेक कनेक्टर काढून परत लावलं. काढल्याबरोबर इंजिन प्रत्येक वेळी सारखंच गचकलं, म्हणजे चारही सिलिंडर काम करत होते. एखादं काढल्यावर काहीच फरक पडला नसता, तर मिसिंग, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं, त्याच सिलिंडरमध्ये आहे असं धरून त्याचा प्लग, कॉइल, इंजेक्टर पाहायचा. प्लगची वायर ओढून हे करू नकोस. शॉक बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टच्या पाइपमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खराब करतं.

आता जे सांगतो ते नीट वाच, सगळं गुपित यातच आहे. त्यांनी स्कॅनर लावला आणि बिघाडाच्या कोडपेक्षा फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, तो अधिक 22 होता. 2,500 आरपीएमवर धरल्यावर अधिक 5 वर आला. मिस्त्री म्हणाले, "कुठून तरी हवा घेऊन राहिली."

मला तेव्हाच कळलं असं नाही, घरी येऊन विचार केला. आपण पाय उचलला की थ्रॉटल जवळजवळ बंद होतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांत, जोराची ओढ तयार होते. इंजिनाला तेव्हा हवा लागतेच किती? अगदी थोडी. पाइपला केसाएवढी भेग असली तरी तिथून शिरलेली हवा या थोड्याशा हवेत मोठा वाटा घेते. रेस दिली की थ्रॉटल उघडतो, ओढ कमी होते, हवेचा लोंढा आत येतो आणि त्यात ती भेग नगण्य ठरते. माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या लगेच पुढे आहे. त्याच्या पुढे चोरून शिरलेली हवा हिशेबात येत नाही, पेट्रोल कमी पडतं आणि जाळ नीट लागत नाही. एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा हे प्रमाण बिघडलं की इंजिन असंच कण्हतं.

मग त्यांनी वॉशरच्या जुन्या पाइपचा हातभर तुकडा घेतला. एक टोक कानाला आणि दुसरं प्रत्येक जोडावरून हळूहळू फिरवत नेलं. टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली वाफ परत ओढून घेणाऱ्या, पाइपपाशी थांबले आणि तुकडा माझ्या कानाला लावला. बारीक सीऽऽऽ असा आवाज. त्यांनी पाइपच्या वळणाखाली अंगठा दाबला आणि काय सांगू, काटा 750 वर येऊन स्थिर झाला, थरथर थांबली. अंगठा काढला की पुन्हा सुरू. पाइप काढून वाकवला तर आतल्या वळणावर दोन सेंटीमीटरची भेग उघडली, उन्हाळ्यात रानातली माती फाटते तशी. इंजिनाच्या बाजूला असल्याने वरून बघून ती कधीच दिसली नसती. एक तर इंजिनाची धग, त्यात आपल्याकडचा 45 अंशांचा मे आणि वरून नवतपा. रबर कडक होणारच.

पाइप 280 रुपयांचा. नवा बसवून कॉम्प्युटरची मेमरी साफ केली आणि ट्रिम अधिक 2 वर आला.

तुझ्या गाडीत हेच असेल असं मी म्हणत नाही. काटा अगदी स्थिर असून नुसती थरथर असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते, बघ. पण आधी स्कॅनरवर आयडलिंगचा आणि 2,500 चा, असे दोन आकडे घे. तो गॅरेजवाला देत नसेल तर दुसऱ्याकडे जा, वहिनींना घेऊन लांबच्या रस्त्यावर मात्र अशी गाडी नेऊ नकोस. पेट्रोलवाला स्प्रे मारून लीक शोधायच्या भानगडीतही पडू नकोस, गरम इंजिनावर आग लागू शकते.

आई तुझी आठवण काढते. रविवारी सकाळी बॉनेट उघडून गाडी चालू कर आणि मला फोन लाव. पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून फोन इंजिनाजवळ धर. मला आवाज ऐकायचा आहे.

तुझा,
प्रशांत