मंत्रीसाहेब, रॅपवर बंदी नको, लिहिणाऱ्याचं नाव तेवढं सांगायला लावा

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,

साहेब, नमस्कार. विषय तुम्हाला किरकोळ वाटेल, रेडिओवर वाजणारं रॅप आणि त्यातले शब्द. पण एफएमचं लायसन्स तुमचं मंत्रालय देतं, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आधीच सांगतो, "ही काय गाणी म्हणायची का" असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. रॅप आवडतं म्हणूनच चिडचिड होते. सध्या कुठलंही प्रायव्हेट एफएम लावा, रॅप आहेच, पण त्यात ऐकायला काय मिळतं तर गाडी, घड्याळ, बाटली, पार्टी, आणि एखाद्या मुलीच्या कमरेचं वर्णन. यमक म्हणाल तर ओळीच्या शेवटी 'है' ला 'है' लावलं की झालं. बाकी बीट आणि ऑटोट्यून (आवाज सुरात बसवणारं सॉफ्टवेअर) सांभाळून घेतात.

खरं तर रॅपमध्ये सगळा खेळच शब्दांचा. सूर नसले तरी चालतात, शब्द नसतील तर उरतं काय? चांगला रॅपर यमक ओळीच्या शेवटी ठेवून मोकळा होत नाही, ओळीच्या पोटात दोन-तीन ठिकाणी पेरतो, एकच शब्द दोन अर्थांनी वाजवतो, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून लिहितो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1973 च्या एका पार्टीतून हिपहॉप, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे तो प्रकार, सुरू झाला आणि 2018 मध्ये अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारच्या अल्बमला पुलित्झर हे तिकडचं मानाचं पारितोषिक मिळालं, शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या कुठल्या संगीताला ते मिळायची ती पहिलीच वेळ. आणि आपल्याला तर हे अजिबातच परकं वाटायला नको, कलगी-तुऱ्यात समोरच्याला शब्दांत अडकवून गप्प करायची रीत आपल्याकडे हिपहॉपच्या कितीतरी आधीची आहे.

मग लिहिणारे संपले का? नाही ना. 2014-15 च्या आसपास मुंबईत नेझी, डिव्हाइन ही रॅप करणारी पोरं स्वतःच्या वस्तीबद्दल, पोलिसांबद्दल, पैशाच्या तंगीबद्दल लिहीत होती, आणि लोकांपर्यंत पोचली ती यूट्यूबवरून. 2019 मध्ये त्यांच्या दुनियेवर 'गली बॉय' हा मोठा सिनेमा आला तेव्हा कुठे सगळ्यांना गल्लीतलं रॅप आठवलं. आजही मराठीत, बंबैया हिंदीत, पंजाबीत जबरदस्त लिहिणारे आहेत, फक्त ते रेडिओवर नाहीत. रेडिओवर फिरून फिरून तीच गाणी, बहुतेक सिनेमातली, आणि त्यातही हूक, म्हणजे परत परत येणारी ओळ, ठेवून बाकी कापाकापी. रॅपचा जीव असतो व्हर्समध्ये, म्हणजे साधारण सोळा ओळींचा एक तुकडा, त्यात लिहिणारा काय ते बोलतो, आणि नेमका तोच उडतो कारण मध्ये जाहिरात बसवायची असते. लिहिणाऱ्यालाही मग कळून चुकतं की व्हर्सवर डोकं खपवून उपयोग नाही, हूक पकडणारा पाहिजे, तो रीलवर पण चालेल. दर्जा घसरतो तो असा, मुलं बिघडली वगैरे काही नाही.

आता कृपा करून बंदीचा विचार करू नका. तुमच्याच खुर्चीवर बसलेल्या बाळकृष्ण केसकरांनी 1952 मध्ये लोकांची अभिरुची सुधारायला म्हणून आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली होती, तर श्रोते उठून श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे गेले आणि शेवटी 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. आत्ता तर सिलोनची सुद्धा गरज नाही, मोबाईल खिशातच आहे. 2022 च्या शेवटी तुमच्या मंत्रालयाने एफएमवाल्यांना सूचना दिली होती, दारू, ड्रग्ज, बंदुका यांचं कौतुक करणारी गाणी लावू नका. ठीक आहे, पण दारू काढून त्या जागी महागडी गाडी टाकली की भिकार गाणं नियमात बसतं, आणि व्यसनाने घर कसं उद्ध्वस्त झालं ते सांगणारं गाणं मात्र शब्द बघूनच बाजूला पडायची भीती.

त्यापेक्षा एक साधी गोष्ट करा. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 31डी आलं, रेडिओला ठरलेली रॉयल्टी भरून कुठलंही प्रकाशित गाणं लावायची सोय झाली. त्याच कलमात लिहिलंय की गाण्याबरोबर लेखकाचं आणि मुख्य कलाकारांचं नाव जाहीर करायचं. विविध भारतीवर हे वर्षानुवर्षं होतंय, गीतकार कोण, संगीतकार कोण, सगळं सांगतात. प्रायव्हेट एफएमवर तुम्ही शेवटचं गीतकाराचं नाव कधी ऐकलंत? मी तरी ऐकलेलं आठवत नाही. कंपन्यांशी वेगळा करार करून गाणी घेणाऱ्या स्टेशनांना ते कलम लागू होत नाही हे माहितीये, आणि कॉपीराइट वाणिज्य मंत्रालयाकडे आहे हे पण माहितीये. पण परवान्याच्या अटी तर तुमच्याकडे आहेत ना? 2024 मध्ये 234 नव्या शहरांत 730 चॅनेल द्यायचा निर्णय झाला, त्यांच्या अटींत एक ओळ घाला, गाणं वाजलं की लिहिणाऱ्याचं नाव घ्यायचं, मग गाणं कसंही मिळवलेलं असो. चार सेकंदांचं काम आहे. दिवसातून दहा वेळा स्वतःचं नाव रेडिओवर येणार म्हटल्यावर 'है' ला 'है' जोडताना कोणीही दोनदा विचार करेल, आणि जो मन लावून लिहितो त्याला लोक शोधायला तरी लागतील.

दुसरं, आकाशवाणीच्या एफएम रेनबोवर आठवड्यातून एक तास द्या, सिनेमाबाहेरच्या रॅपसाठी, गाणी न कापता, आणि प्लीज रात्री बाराला नको, माणसं जागी असतील अशा वेळेला. आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती स्वायत्त आहे, मान्य, तुम्ही हुकूम सोडू शकत नाही, पण सुचवू तर शकता. मराठी, कोकणी, खासी, तमिळ, जिथे जी भाषा तिथे त्या भाषेतले रॅपर बोलवा. निवड करायला कमिटी नेमणार असाल तर तिच्यात निदान दोन माणसं तरी रॅप लिहिणारी ठेवा, नाहीतर परत भावगीतांचा कार्यक्रम व्हायचा (भावगीतं मलाही आवडतात, तो मुद्दा नाही).

उत्तर नाही आलं तरी चालेल, अटींचा मसुदा बनवणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हे पत्र पोचलं तरी पुरे.

आपला,
एक रेडिओ ऐकणारा