डायनॅमो बदलण्याआधी

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मॉरिस मायनरचा डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा तो जुना जनरेटर, मिळाला. ट्रॅव्हल्सवाल्यानं कावळा नाक्यावर उतरवला आणि मी तसाच घरी आणला. इंग्लंडहून नवा मागवायचा की सरळ अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी आलेलं नवं यंत्र) बसवून मोकळं व्हायचं, असं तू विचारलंयस. माझं स्पष्ट मत आहे की यातलं काहीच करू नकोस. का ते सविस्तर लिहितो, घाईत वाचू नकोस.

पहिली गोष्ट, "मॉरिस मायनरचा डायनॅमो आहे का" असं विचारत फिरलास तर दुकानदार मान हलवणारच. हा माल गाडीच्या नावानं मिळत नाही, अंगावरच्या नंबरानं मिळतो. मी आणल्या आणल्या रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं त्याची पाठ घासली. रंगाचे दोन-तीन थर निघाल्यावर अक्षरं दिसली: लुकास (बनवणारी कंपनी), सी ३९ पीव्ही २, त्याखाली पाच आकडी नंबर आणि शेजारी बारीक ठोकलेलं ६ ५७. म्हणजे जून १९५७. तुझ्या काकांनी गाडी घेतली तेव्हा तिच्यात होता तोच हा डायनॅमो, सुहास. इतक्या वर्षांत कुणी बदललेला नाही. मला फार आनंद झाला, खरंच सांगतो.

आता या नंबराचा फायदा बघ. सी ३९ आणि त्यानंतरचा सी ४०-१ हे एकट्या मायनरचे नव्हेत. मिनी, एमजी मिजेट, हेराल्ड अशा गाड्यांत सगळीकडे याच घराण्यातले बसवले जात. आपल्याकडे स्टँडर्ड हेराल्ड मद्रासलाच बनायची, आणि लुकास-टीव्हीएसही १९६१ साली तिथंच निघाली. म्हणून जास्तीचा एखादा डायनॅमो ठेवायचा असेल तर मुंबईच्या चोर बाजारात दिवस घालवण्यापेक्षा चेन्नईच्या पुदुपेटला कुणाला तरी पाठव. मात्र घेताना मागची बाजू नीट बघायला सांग. काहींच्या पाठीला रेव्ह काउंटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) फिरवायची व्यवस्था असते, स्प्राइटसारख्या गाड्यांसाठी. तो तुझ्या कामाचा नाही. पुलीही जुळत नाही कधीकधी, म्हणून तुझी पुली आणि तिची चावी (पुली दांड्यावर घसरू न देणारा लोखंडी तुकडा) जपून ठेव. आणि सी ३९ एकोणीस अँपिअरचा, सी ४०-१ बावीसचा. तो बसवलास तर कंट्रोल बॉक्सही (चार्जिंग ताब्यात ठेवणारी पेटी) त्याला जुळणारा लागेल.

इंग्लंडहून मागवण्याचं म्हणशील, तर तिकडचे बरेच लोक जुना परत घेऊन दुरुस्त केलेला देतात. पाच-सहा किलोचं धूड इथून परत पाठवायचं, वर भाडं आणि कस्टम ड्यूटी. आणि हाताशी १९५७चा असल माल असताना!

त्याची तब्येत काय आहे तेही सांगतो. डी (वीज बाहेर देणारं) आणि एफ (फील्ड कॉइलचं) ही दोन्ही टर्मिनलं एकत्र करून बॅटरी जोडली. चांगला डायनॅमो अशा वेळी मोटरीसारखा फिरायला लागतो. हा नुसता गुरगुरला. उघडला तर कोळशाची भुकटी, आणि मागचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) इतका झिजलेला की आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, भोवतीच्या लोखंडी पोल शूजना घासून चकचकीत झालेलं. तिथं एक भोक असतं, त्यात इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब सोडायचे असतात, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही. बहुतेक डायनॅमो त्यानंच मरतात. पोल शूजभोवतीची फील्ड कॉइल मात्र ठणठणीत आहे, मीटरवर सहा ओहम दाखवते, जेवढे हवेत तेवढेच. त्यामुळे पोल शूजचे स्क्रू खोलायची गरज नाही, नाहीतर ते असे गंजून बसलेले असतात की डोकंच तुटून येतं.

मग आर्मेचर घेऊन उद्यमनगरला गेलो. आपल्या ओळखीच्या वाइंडरकडं सध्या उसाच्या पाण्याच्या मोटारींचा ढीग लागलाय, नदीकाठच्या सगळ्या विहिरींवरच्या जळक्या मोटारी एकदम येतात. तरी यानं हातातलं काम ठेवलं. आर्मेचर ग्राउलरवर (शॉर्ट शोधायचं विजेचं चुंबक) ठेवून हॅकसॉचं पातं वरून धरलं आणि आर्मेचर हळूहळू फिरवत नेलं. पातं शांत होतं, शांत होतं, आणि एका खाचेवर आल्यावर थरथरायला लागलं. तिथं आतल्या आत शॉर्ट आहे. पूर्ण रिवाइंडिंग करावं लागेल. जुनी तार कापायच्या आधी त्यानं वेढे मोजले, तारेचा गेज घेतला, कुठल्या खाचेतून निघून कुठल्यात जाते ते कागदावर काढून ठेवलं. अशा माणसाच्या हातात काम दिलं की मला झोप लागते.

कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन घासतात) लेथवर अगदी हलका घासून घेऊ आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली कोरून काढू, नाहीतर नवे कार्बन चार दिवसांत खाऊन टाकेल. बुशबद्दल टर्नर म्हणत होता, गनमेटलचा टर्न करून देतो. मी नको म्हटलं. मूळचा सच्छिद्र ब्राँझचा असतो, बसवण्याआधी चोवीस तास तेलात बुडवून ठेवायचा, मग तो तेल आत धरून ठेवतो. तसाच शोधतोय, मिळेल.

अल्टरनेटरबद्दल मला खरंच तळमळीनं सांगायचंय. तुझ्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं आहे. अल्टरनेटर म्हटलं की बहुतेकदा अर्थ उलटा करावा लागतो, कंट्रोल बॉक्स निकामी होतो, आणि हे सगळं कशासाठी? तुझे दोन हेडलाइट मिळून सात अँपिअर घेतात, टेललाइट आणि इग्निशन धरून आणखी पाच-सहा. एकोणीस अँपिअर भरपूर झाले. फक्त हॅलोजनचे मोठे बल्ब लावू नकोस. बॉनेट उघडल्यावर काकांची गाडी काकांचीच दिसली पाहिजे. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते तेव्हा आपण सगळे माना उंचावून बघतो ते का? ती चालते म्हणून, आणि तीच आहे म्हणून. दरवेळी भंगारात फोडलेले डायनॅमो बघतो, थोड्या तांब्यासाठी, आणि जीव तुटतो.

डायनॅमो परत बसवलास की गाडी चालू करण्याआधी एक काम विसरू नकोस. एफची वायर काढ आणि बॅटरीच्या जिवंत (बॉडीला न जोडलेल्या) टर्मिनलवरून आणलेली तार एफ टर्मिनलला क्षणभर टेकव, बारीक ठिणगी उडेल. यानं डायनॅमोला ध्रुव कळतात. हे राहिलं तर तो उलटा चार्ज करतो आणि कंट्रोल बॉक्समधल्या कटआऊटचे (बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात. आणि गाडी आयडलिंगला असताना लाल दिवा लुकलुकला तर घाबरू नकोस, त्याची ती रीतच आहे.

आता तुझ्याकडचं काम. कंट्रोल बॉक्सवर आरबी १०६ असं काही लिहिलंय का बघ, झाकण काढून पॉइंटचा जवळून फोटो पाठव. पुली आणि तिचा नटही कुणाच्या तरी हाती पाठव.

आईंना नमस्कार.

तुझा,
दिलीप