जाड पत्रा म्हणजे मजबूत टाकी नव्हे

मा. संपादक, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत गाड्यांच्या पोलादी इंधन टाकीवर लेख आला तो वाचला. विषय घेतलात हे बरं केलंत, एरवी मायलेज आणि टचस्क्रीनच्या पुढे कोणी जातच नाही. पण 'जितका जाड पत्रा तितकी सेफ टाकी' हा लेखाचा सूर काही पटला नाही, आणि मी टाक्यांच्या डिझाइनचंच काम करतो त्यामुळे गप्प बसवेना.

पहिली गोष्ट म्हणजे टाकीचा आकार देताना डायमध्ये (साच्यात) दाबून खोल ओढताना पत्रा सगळीकडे सारखा राहत नाही, कोपऱ्यात ताणला जाऊन पातळ होतो. त्यामुळे कागदावर जी जाडी लिहिलेली असते ती कोपऱ्यात मिळतच नाही, आणि टाकी फाटायची झाली तर बहुतेकदा कोपऱ्यातच फाटते नाहीतर वेल्डच्या कडेला. मधला सपाट भाग कडक करायचा तर जाडी कशाला वाढवायची, रिब मारा, म्हणजे पत्र्यातच उठावाच्या पट्ट्या काढा. छपराचा पत्रा पन्हळी का असतो, तसंच हे.

आता बॅफल, म्हणजे टाकीच्या आतले आडवे पडदे. लेखात यावर एकच ओळ आहे आणि खरी गोम तर इथेच आहे. ट्रकच्या टाकीत ३०० लिटर डिझेल म्हणजे साधारण अडीचशे किलो वजन, ब्रेक मारला की ते सगळं पुढे धावतं, आणि टाकी काठोकाठ भरलेली असताना फार हलत नाही पण अर्धी असली की जास्त आपटतं. म्हणून भोकं पाडलेले पडदे घालायचे, डिझेल जाईल पण लाटेचा जोर मोडेल. पण हा पडदा बाहेरच्या पत्र्याला जिथे वेल्ड केलेला असतो तिथे प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी ओढ बसते, हजारो वेळा, आणि शेवटी वेल्डच्या टोकाला केसासारखी चीर पडते. डिझेल टपकत वगैरे नाही सुरुवातीला, नुसता बाहेरून धूळ चिकटलेला काळपट ओलसर डाग दिसतो. लोक पुसतात आणि सोडून देतात. अशा वेळी 'पडदा अजून जाड घाला' म्हणणारे भेटतात, पण मग पडदा वाकत नाही आणि सगळा ताण त्या टोकालाच येतो, चीर उलट लवकर पडते. पडद्याची कड वळवून घ्यायची, वेल्ड एकदम कोपऱ्यापर्यंत न्यायचा नाही, खरं काम तिथे आहे.

गंजाचं तर लेखात नावच नाही! टाकी आतून गंजते, हवेतली वाफ थंड होऊन पाणी होतं आणि तळाशी बसतं, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर पाणी ओढूनच घेतं. म्हणून पत्र्यावर झिंक-निकेल किंवा ॲल्युमिनियमचा थर देतात (पूर्वी शिसं-कथिलाचा असायचा), पण सीम, म्हणजे टाकीच्या दोन अर्ध्या भागांची जोडकड, वेल्ड करताना तोच थर जळतो. तिथे परत कोटिंग नीट झालं नाही तर वरची सगळी मजबुती पाण्यात.

आणि टाकी बसवली कुठे आहे ते बघणार की नाही? फोर्ड पिंटो या १९७० च्या दशकातल्या अमेरिकन गाडीचं प्रकरण गाजलेलं आहे, टाकी मागच्या ॲक्सल आणि बंपरच्या मध्ये होती, मागून धडक बसली की ती पुढे ढकलली जाऊन डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्याच्या) बोल्टवर आपटायची आणि भोक पडायचं. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या आणि काय केलं, तर मध्ये प्लास्टिकची ढाल घातली आणि इंधन भरायची नळी लांब केली. जाड पत्र्याची नवी टाकी नाही बसवली. युनोच्या (संयुक्त राष्ट्रांच्या) गाड्यांसाठीच्या ३४ नंबरच्या नियमातही टक्कर झाल्यावर सतत गळती होत असेल तर ती मिनिटाला ३० ग्रॅमच्या वर जाता कामा नये असंच आहे, म्हणजे मोजायची असते ती गळती, नुसती पत्र्याची जाडी नव्हे.

मी काही पोलादाच्या विरोधात नाही हां. प्लग-इन हायब्रिडमध्ये (चार्ज केलेल्या बॅटरीवरही आणि पेट्रोलवरही चालणाऱ्या गाडीत) इंजिन बरेच दिवस चालू होत नाही, पेट्रोलची वाफ बंद टाकीत दाब धरून राहते, साधी प्लास्टिकची टाकी तिथे फुगते म्हणून पोलादी टाक्या तिकडे टिकून आहेत.

शेवटी एक, आणि यासाठीच मुख्यतः लिहितोय. लेखात जुन्या टाकीला बाहेरून पट्ट्या वेल्ड करून घ्या असा सल्ला आहे. कृपा करून हे मागे घ्या. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त डेंजर असते, हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एका ठिणगीत स्फोट होतो, आणि 'धुऊन घेतली' म्हटल्याने सीमच्या घडीतलं पेट्रोल जात नाही. जुन्या टाकीजवळ वेल्डिंगची आग न्यायचीच नाही, चीर पडली असेल तर टाकी बदला. एवढी दुरुस्ती उद्याच्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत छापा, आतल्या पानावर कोणी वाचत नाही.

आपला,
टाक्यांच्या धंद्यातला एक वाचक